भट्टीतल्या काचलोकरीचा बोळा

हळद तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतून एका बाईला हाकललं, ते माझ्या चुकीपायी. इतकी वर्षं मी ते गिळून बसलो. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळही घेतला.

हळदीत फवारणीचं औषध उरलंय का, हे सांगणारं यंत्र माझ्या ताब्यात होतं. त्याच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते आणि नळीत काचलोकरीचा बोळा. नमुन्यातली घाण तो अडवतो. मात्र ही काचलोकर रसायनाचा लेप चढवलेली लागते. साधी घातली तर ती औषधालाच धरून ठेवते आणि यंत्राला ते दिसत नाही. लेपाची संपली. मालकाला सांगायचं म्हणजे शिव्या खायच्या. मी प्रयोगशाळेतल्या मोडक्या भट्टीच्या पत्र्याआड उष्णता अडवायला भरलेली काचलोकर उपसली, आम्लात धुतली, वाळवली आणि घातली. स्वच्छ केली की झालं, अशी माझी अक्कल. धुतल्यानं ती जास्तच धरून ठेवते, हे नंतर कळलं.

यंत्रावर बसणाऱ्या त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, मुद्दाम औषध घालून बघितलं, तरी आलेख उठून नाही राहिला. बोळा बदलला का कुणी?"

"बोळा बराबर आहे. तुमचे हात बघा आधी. भाकरी थापून येता, तशाच बसता."

बाकीचे हसले.

आम्ही 'औषध नाही' असं लिहून दिलेली हळद परदेशातून परत आली. मालक ओरडला, "यंत्रावर कोण होतं?" मी तिच्याकडं बोट दाखवलं. बोळा सकाळीच काढून कचऱ्यात टाकला होता.

गेल्या महिन्यात पुसेगावला तिच्या दारात उभा राहिलो. तिनं बसाही म्हटलं नाही.

"आता काहून आलात? मरण दिसून राहिलं व्हय?"

"माफी मागायला."

"तोंडी न्हाई चालत. माझ्या कामाच्या दाखल्यावर 'निष्काळजी' लिहिलंय. कुणी कामाला उभं केलं न्हाई मला. तुमी बी लिहून द्या."

लिहून नेलं. तिनं उभ्यानंच वाचलं आणि कागद माझ्या अंगावर टाकला.

"'बोळा चुकीचा होता' म्हणे. तो काय पायानं चालत आला? आन् मी तुमाला विचारलं होतं, ते कुठंय?"

मी कागद उचलला आणि तिथंच पाठीमागं लिहिलं: बोळा मी घातला. तिनं विचारलं होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो.