पायानं तुडवलेली पोर्ट

“थुंका! तोंडात आहे ते आधी थुंका सगळे!” मुलीचा मामा ओरडत होता. स्वतःच्या तोंडातलं मात्र त्यानं ओरडण्याआधी गिळून टाकलं होतं. हे मी माझ्या याच दोन डोळ्यांनी पाहिलं.

जागा परतूरजवळची, माझ्या साडूचा मळा. वेळ दुपारी जेवणाची. साडूचा मुलगा पाच वर्षांपासून पोर्तुगालात द्राक्षाच्या मळ्यावर कामाला. वय तेहतीस, सात ठिकाणांहून नकार आलेला. हे आठवं स्थळ. मुलगा-मुलगी फोनवर एकमेकांना बघून खूश होते, रोज बोलत होते. राहिला होता तो फक्त मोठ्या माणसांचा होकार. बायका गावातल्या घरी, आणि मुलीचा बाप, मामा नि दोन चुलते मळ्यात मटणाला. मटणासोबत मुलानं खास या दिवसासाठी पाठवलेली पोर्टची बाटली. आणि बाटलीसोबत मी.

मी का? कारण पोर्तुगीज दारूतला जालना जिल्ह्यातला सगळ्यात मोठा जाणकार मीच. दुसरा कोणी न्हाईच, त्यामुळं नंबर पक्का. बियाण्यांच्या दुकानात बसून मी ही विद्या कमावली. आधी वीस वर्षं मी पोर्ट म्हणजे गोव्याहून येणारं खोकल्याचं औषध समजत होतो. मंग या पोरानं गावी येणाऱ्या मित्राच्या हाती पहिली बाटली धाडली, ‘हिरवी वाईन’ म्हणून. ओतली तर पाण्यासारखी! मी फोनवर त्याला अशा शिव्या घातल्या की मधला समुद्र गढूळ झाला असेल. तो शांतपणे म्हणाला, “काका, हिरवी म्हणजे कोवळी. आपला हुरडा असतो ना, तशी.” मी घोट घेतला. जिभेवर बारीक बुडबुडे, लिंबाच्या सालीचा वास. लेकाचं बराबर होतं.

नंतर आली जेवणासोबतची लाल. पहिल्या घोटाला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ जखडली. रस्सा-भाकरीवर दुसरा घेतला आणि काळ्या मसाल्याचा जाळ कुणीतरी फुंकर घालून विझवावा तसा निवला. त्या दिवशी मी अकरा भाकरी खाल्ल्या. बायको म्हणते चार. तिला मोजता येत न्हाई.

आणि मंग पोर्ट. रस आंबत असताना अर्ध्यातच त्यात कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, गोडवा आत कोंडून राहतो. मनुका, करपलेला गूळ, आणि मागून छातीत एक दणका. या बाटलीतली तर त्या पोराच्या तिथल्या पहिल्या हंगामातली, त्याच्याच मळ्यावर बनलेली होती.

तर त्या दुपारी पाहुण्यांचे दोन-दोन ग्लास झाले होते. मुलीचा बाप, जो सकाळपासून हसला नव्हता, तो साडूच्या गुडघ्यावर थाप मारून ‘व्याही’ म्हणून गेला होता. साडूचा चेहरा असा उजळला की मोसंबीवरची पाखरं सकाळ झाली समजून ओरडायला लागली.

तेवढ्यात मामानं विचारलं, “बनवतात कशी हो ही?” आणि विचारलं कोणाला? साडूला! ज्यानं आयुष्यात ताकाशिवाय काही पिलं न्हाई त्याला. मी शेजारी बसलेलो, गळा खाकरून तयार.

साडू म्हणाला, “सगळं मशीनवर. कॉम्प्युटर लावलेला हाय. माणसाचा हात म्हणून लागत न्हाई.”

“हात लागत न्हाई, हे बराबर हाय,” मी म्हणालो. “पाय लागतो.”

साडूनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर कशासाठी होती ते मला स्पष्ट कळलं. कळल्यावर मी मोबाइल काढला. पोरानं मला मोठ्या कौतुकानं पाठवलेला व्हिडिओ होता: दगडी हौद, गुडघाभर द्राक्षं, आणि हाफ चड्डीतली दहा माणसं गळ्यात हात घालून कवायतीसारखी पाय आपटून राह्यलीत. तिसरा आमचा नवरदेव. मांड्यांपर्यंत जांभळा. मी बोट लावून चित्र मोठं केलं. पायाची नखं नीट दिसली पाहिजेत म्हणून.

आमच्याकडं भाकरीच्या तुकड्याला चुकून पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. आणि इथं होणाऱ्या जावयाचे दोन्ही पाय सासऱ्याच्या पोटात.

मंग ती थुंकाथुंकी. बोअरच्या नळीवर चौघांनी इतक्या गुळण्या केल्या की बाजूच्या मोसंबीला आठ दिवस पाणी द्यावं लागलं न्हाई. मी हसत होतो. बाटलीत उरली होती ती ग्लासात घेतली आणि हसत राहिलो. मुलीच्या बापानं रुमालानं तोंड पुसलं, साडूला म्हणाला, “पायाचं पाजलं तुम्ही आम्हाला,” आणि गाडीत जाऊन बसला. ताटं तशीच राहिली.

गाडीचा धुरळा बसल्यावर मी साडूला समजावलं. “पाव्हणे, उगी मन खाऊ नका. भारी पोर्ट पायानंच तुडवतात. मशीनमध्ये बी चिरडली तर रस कडू होतो. माणसाचा पाय मऊ असतो, बी फोडत न्हाई.”

“हे त्यांच्यासमोर का न्हाई सांगितलं?”

आता खोटं कशाला लिहू? आठवत होतं. सांगावंसं वाटलं न्हाई. मजा येत होती.

साडूनं पोराचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “तो सकाळपासून वाट बघून राह्यलाय. तुम्हीच सांगा.”

मी बोलणारा माणूस. त्या दिवशी पहिली दोन मिनिटं मी परतूरच्या उन्हाबद्दल बोललो. मंग सांगितलं. स्थळ मोडलं. व्हिडिओ मी दाखवला. पलीकडं कोणीतरी तिकडच्या भाषेत त्याला हाक मारत होतं.

“ऐकतोस ना रे?” मी विचारलं.

“हां, काका,” तो म्हणाला. “पायाचं कळायच्या आधी पोर्ट आवडली होती ना त्यांना? मंग बराबर तुडवली होती मी.”