अण्णांची टोपी आणि डोक्यावरचे स्टिकर

मंडळी, आज माझीच मला लाज वाटली.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मेंदूतली गाठ काढायची होती. डोक्यावर स्टिकर चिकटवून स्कॅन झाला होता; त्या स्टिकरांवरून कॉम्प्युटर डॉक्टरांना गाठीपर्यंतची वाट दाखवणार होता.

सकाळी काष्टीहून पाहुणे दवाखान्यात भेटायला आले. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडतानाही अण्णांनी टोपी उतरवली नव्हती. पाहुण्यांसमोर त्यांचं बोडकं डोकं बघवेना, म्हणून मीच त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली. काढताना एक स्टिकर निघाला. मी तो अंदाजानं परत चिकटवला आणि गप्प बसलो.

ऑपरेशनला नेताना डॉक्टरांच्या लक्षात आलं. "स्टिकर सरकलाय! वाट चुकली असती. कुणी हात लावला?"

"अण्णांनीच," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "व्हय डाक्टर, माझाच हात लागला."

पुन्हा स्कॅन झाला, ऑपरेशनही नीट झालं. आता शुद्धीवर आलेले अण्णा टोपी मागतायत. ती माझ्याच हातात आहे.

सांगा, कुठल्या तोंडानं नेऊन देऊ?