उज्वलाचे दोन क्लास

लातूरच्या शिकवणीतल्या सरांनी उज्वलाला अकरावीतच बजावलं होतं, "गणित ठेव, नाहीतर जीवशास्त्र. दोन्हीच्या नादी लागलीस तर ना डॉक्टर होशील, ना इंजिनिअर."

तिच्या वडिलांना, शेषेरावांना, ते पटलं. भूकंपात किल्लारीकडचं घर गेल्यावर ते मुरुडजवळ सासुरवाडीला शेती करत होते. पोरीचं एकदाचं मार्गी लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. उज्वलानं तरी दोन्ही विषय ठेवले. मेडिकलची जागा थोडक्यात हुकली आणि तिला नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला.

"मी सांगितलं होतं," सर म्हणाले.

"हाव सर," म्हणत तिनं पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं धरला.

विष्णुपुरीत तिच्या वर्गातल्या राघवेंद्रनं हैदराबादच्या भावाकडून एक खेळ आणला होता. रविवारी दुपारी कँटीनमध्ये डाव मांडायचा. राघवेंद्र गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि राक्षस मरतो की आपण, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आधी मात्र आपल्या पात्राचा पेशा निवडायचा. त्याला खेळात 'क्लास' म्हणत. श्रीनाथ जादूगार झाला, मुग्धा वैद्य झाली.

"मला दोन क्लास पायजेत," उज्वला म्हणाली. "लढवय्यी बी आन् वैद्य बी."

"नियमात बसतं," राघवेंद्र म्हणाला. "पण तुझी ताकद वाटली जाईल. श्रीनाथ आगीचे गोळे फेकायला लागेल तेव्हा तू दोन्हीकडं कच्चीच असशील."

"असू दे."

आणि ती खरंच कच्ची राहिली. तिची तलवार बोथट, तिचं औषध अपुरं. श्रीनाथ दर रविवारी म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" राघवेंद्रनं पात्र बदलून द्यायची तयारी दाखवली. ती नाही म्हणाली.

एका रविवारी गोष्टीतल्या भुयारी देवळाची जमीन हादरली. खांब कलले, दगडी छत कोसळलं. सांगता सांगता राघवेंद्रला उज्वलाचं गाव आठवलं आणि तो थांबला. "थांबा, मी हे बदलतो."

"बदलू नको. कोण कुठं पडलंय ते सांग."

मुग्धाची वैद्य शिळेखाली होती. श्रीनाथचा जादूगार रक्ताच्या थारोळ्यात होता. दोघंही शेवटच्या घटका मोजत होते. उज्वलानं फासा टाकला आणि शिळा उचलली. तिच्याकडं एकच औषध उरलं होतं. ते तिनं मुग्धाला दिलं. मुग्धा वाचली, जादूगार गेला.

श्रीनाथ भडकला. "तू पूर्ण वैद्य असतीस तर आम्ही दोघंही वाचलो असतो!"

"पूर्ण वैद्य शिळेखाली होती," उज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "भूकंपात माझ्या मायनं हातानं माती उकरली, चुलतीला भाईर काढलं, आन् लुगडं फाडून तिचा पाय बांधला. उकरणारी येगळी आन् बांधणारी येगळी, आसं म्हणत बसली असती तर चुलती गेली असती. आजोबाला न्हाई वाचवता आलं तिला. पण त्याचा जाब कुणी मागितला न्हाई."

मुग्धानं फासा उचलून बाजूला ठेवला.

"पण माझा जादूगार मेला," श्रीनाथ पुटपुटला.

"मेला. दुसरा बनव."

शिकून ती लातूरला परतली. एका मोठ्या शिकवणीनं तिला गणिताला ठेवलं. पोरं तिला जीवशास्त्राच्याही शंका विचारायची आणि ती सांगायची. मालकांनी बोलावून सुनावलं, "मॅडम, आमच्याकडं एक माणूस, एक विषय. पालक तज्ज्ञ बघून येतात."

"मग मी चालले," म्हणून ती उठली.

तिनं औसा रोडला एक खोली भाड्यानं घेतली आणि पाटी लावली. गणित, जीवशास्त्र, आणि खाली एकच नाव. पहिल्या महिन्यात मोजकीच पोरं आली. शेषेराव मुरुडहून आले, पाटीखाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"एक विषय पुसून टाक की गं. लोक हसायलेत."

"हसू द्या, दादा. वरती बल्ब लावायचाय. रातच्यालाबी वाचता आली पायजे पाटी."

शेजारच्या दुकानातून शेषेरावांनी शिडी मागून आणली.