मधला माणूस

मधला माणूस काढून टाकला की धंदा सुधारतो, हे शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः करून पाहिलंय.

आमच्या मालवणच्या घरी बायकोने, म्हणजे मंदाने, खानावळ काढायचं ठरवलं. पहिलीच पंगत पुण्याच्या पाहुण्यांची. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "सुरमई नसेल तर आम्ही दुसरीकडे जेवू!" मंदाची झोप उडाली. माझी नाही, कारण मी नुकताच कणकवलीला 'पुरवठा साखळी' या विषयावर एक दिवसाचं शिबिर करून आलो होतो. (चहा चांगला होता.)

आमच्याकडे मासे खैरूनभाभी आणायच्या. पहाटे किनाऱ्यावरच्या लिलावात घ्यायच्या आणि आमच्या पडवीत आणून द्यायच्या. मी आदल्या दिवशी त्यांना समोर बसवून समजावलं, "भाभी, साखळीत तुम्ही मधली कडी. उद्यापासून मी थेट उगमाशी!"

"थेट दर्यात उतरतलास, भाऊ?" भाभी म्हणाल्या आणि पाटी उचलून चालत्या झाल्या.

मंदा म्हणाली, "अवो, तुमका बांगडो आणि पेडवो वेगळो कळता काय?"

"शिबिरात ते नव्हतं," मी तोऱ्यात उत्तर दिलं.

पहाटे किनाऱ्यावर गेलो. वारा सुटलेला, होड्या जेमतेम दोन आलेल्या आणि सुरमईची पाटी एकच! आणि त्या पाटीसमोर, कंबरेवर हात ठेवून, खैरूनभाभी! कालच्या भाषणानंतर त्यांना तोंड कसं दाखवणार? मी ते दाखवलंच नाही. गळ्यातला लाल काठाचा पंचा नाकापर्यंत गुंडाळला आणि ओढून ठेवलेल्या होडीमागे दडलो.

लिलाव सुरू झाला. भाभी भाव बोलल्या. मी होडीमागून बोट वर केलं आणि, आवाज ओळखू नये म्हणून, थेट गोव्याच्या कोकणीत गर्जलो, "हांव घेतां!"

सगळा किनारा वळला. भाभी चढल्या. मी चढलो. भाभी परत चढल्या. लिलाववाल्याला तर दिवाळीच! "भाभी, गोंय पुढे गेला!" तो ओरडला.

"गोंयाक मालवणची सुरमय जावची नाय!" भाभी कडाडल्या आणि असा भाव बोलल्या, की बाजूची कुत्री भुंकायची थांबली. माझा खिसा कधीच मागे राहिला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (सवयीने मीही वाजवल्या.)

रिकामी पिशवी घेऊन, बंदर, वारा, सरकार अशी तीन कारणं पाठ करत घरी पोचलो, तर पडवीत सुरमईची पाटी! शेजारी भाभी, हातात चहा.

"वयनी, काय सांगा तुका! एक गोंयचो शेट इल्लो. होडयेमागे लपान, तोंडाक पंचो बांधान, कावळ्यासारखो ओरडी होतो! भाव खंय चढवल्यान, इचारू नको. पण पयली पंगत तुझी, तुका शब्द दिल्लंय. मी सोडतंय?"

मी मंदाकडे पाहिलं. "तू भाभींना परत सांगितलंस?"

"मगे? तुमी बाजारात गेलास म्हणजे घरात मासे येतत, असा कधी झाला?" एवढं बोलताना तिची नजर माझ्या गळ्यावर थांबली. "भाभी, त्या शेटाचो पंचो लाल काठाचो होतो काय गो?"

भाभींचा चहा नाकातून आला.

पंगत झाली. पाहुण्यांनी बोटं चाटली, पुढच्या महिन्याचं सांगूनही गेले. त्या दिवशीचा नफा म्हणून काटे उरले, ते मांजराने खाल्ले. आणि मंदाने त्याच संध्याकाळी धंद्यातला मधला माणूस काढून टाकला: मला!

तेव्हापासून खानावळ जोरात आहे. मी मागच्या पडवीत बसून नारळ खवतो. पण परवा खैरूनभाभी मंदाच्या कानात काहीतरी सांगत होत्या. खोबरं खवायचं विजेवरचं यंत्र मिळतं म्हणे!