झाकणाखालची चिठ्ठी

अणदूरला बसमधून उतरून गावाकडं चालू लागलं की डाव्या हाताला धुळाप्पांचं दुकान लागतं. पाटी कधीच पुसट झाली आहे, पण तांब्याच्या तारेची भेंडोळी दिसतात, वार्निशचा वास येतो, आणि पाण्याच्या जळालेल्या मोटारी इथं नवी तार गुंडाळून भरून मिळतात हे नवख्यालाही कळतं. दुकानाच्या वर एक खोली आहे. त्या खोलीत धुळाप्पांचा मुलगा सिद्धाराम रोज सकाळी सहा ते आठ एक काम करत आला. बारा वर्षं झाली. काय करतो हे गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

काम असं होतं. फोन दोन जातींचे असतात आणि एकाचं अ‍ॅप दुसऱ्यावर चालत नाही. एकदाच लिहून दोन्हींवर चालावं म्हणून जगभरच्या काही लोकांनी मिळून एक व्यवस्था तयार केली होती, तिचं नाव मॅरिगोल्ड. आणि लिहिलेल्या कोडपासून खरोखरचं अ‍ॅप बांधून काढणारं जे टूल होतं, ते सिद्धारामच्या ताब्यात होतं. त्याला ना चित्र ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की ते सगळे सुटे भाग गोळा करून, जोडून, अ‍ॅप तयार करून द्यायचं. मोडलं की सिद्धाराम दुरुस्त करायचा. या कामाचा पगार नव्हता. पगाराची नोकरी पुण्याच्या एका कंपनीची होती, ती साडेनऊला त्याच खुर्चीवर सुरू व्हायची.

मॅरिगोल्ड म्हणजे झेंडू, हे धुळाप्पांना नातवाकडून कळलं होतं. तेव्हापासून ते म्हणायचे, "सिद्धा वर झेंडू खुरपायलाय."

सुरुवात अगदी साधी झाली होती. सिद्धाराम तुळजापूरला कॉलेजात असताना सोलापूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. आधीच्या मालकानं त्यावर सगळ्या फोल्डरांची नावं मराठीत ठेवली होती. मॅरिगोल्ड नुकतंच आलेलं होतं. सिद्धारामनं ते घालून पाहिलं, तर टूल पहिल्याच पायरीवर आडवं पडलं. चार दिवस डोकं घातल्यावर त्याला समजलं, की टूल लिहिणाऱ्यांनी इंग्रजीखेरीज कुठल्या लिपीत फोल्डर असेल ही कल्पनाच केली नव्हती. त्यानं सहा ओळी बदलल्या आणि नळदुर्गाच्या नेट कॅफेतून पाठवून दिल्या. तिसऱ्या दिवशी ब्राझीलच्या एका माणसाचं उत्तर आलं. तो टूलचा मूळ कर्ता. त्यानं लिहिलं होतं, की या सहा ओळींमुळं आज थायलंडच्या आणि इजिप्तच्या मुलांचंही काम सुरू झालं. सिद्धारामनं ते उत्तर छापून घेतलं. अजून तो कागद खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

ते दिवस फार गजबजलेले होते. सकाळी मशीन उघडलं की साठ-सत्तर निरोप वाट पाहत असायचे. कुणी केनियातून विचारायचं, कुणी पोलंडमधून भांडायचं. पोलंडची एक बाई त्याच्या प्रत्येक दुरुस्तीत काहीतरी खोट काढायची, आणि तिनं एकदा नुसतं "ठीक" लिहिलं तेव्हा सिद्धारामनं लीलाला, म्हणजे बायकोला, उठवून दाखवलं होतं. पुढं वर्षा-दोन वर्षांत ब्राझीलच्या माणसाला दुसरं काम मिळालं. त्यानं एका ओळीचा निरोप धाडला, "आता तूच बघ, चाव्या पाठवल्या आहेत," आणि तो दिसेनासा झाला. चाव्या म्हणजे टूल बदलून जगाला पाठवण्याचे परवलीचे शब्द. तेव्हा सिद्धारामला एवढा आनंद झाला होता, की आणखी काही विचारायचं राहून गेलंय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग नवीन व्यवस्था आल्या. माणसं तिकडं गेली. पोलंडची बाई एक दिवस रीतसर निरोप घेऊन गेली, बाकीचे न सांगता. साठ निरोपांचे सहा झाले, सहाचा कधीतरी एक. तरी तीनशेच्या आसपास अ‍ॅप अजून याच टूलवर उभी होती, आणि फोन कंपन्या दरवर्षी नियम बदलायच्या, म्हणून दरवर्षी टूलही बदलावं लागायचं. नाही बदललं तर जुन्या पद्धतीची अ‍ॅप नव्या फोनवर मिळेनाशी व्हायची.

यंदा सिद्धारामची मान धरली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मशीनसमोरचे दोन तास कमी करा, नाहीतर हातात मुंग्या येतील. कमी करायचे म्हणजे कोणते, हे उघड होतं. त्यानं इंटरनेटवरच्या टूलच्या पानावर लिहून टाकलं: दिवाळीपर्यंत कुणी हे घेतलं तर देतो, नाहीतर कुलूप लावतो.

जगभरातून एकच उत्तर आलं, आणि तेही उमरग्याहून.

तिचं नाव अयोध्या. ती तिथल्या एका दवाखान्यात कामाला होती. सीमेपलीकडच्या गावांतून येणाऱ्या गरोदर बायकांना तपासणीच्या तारखा मराठीत आणि कन्नडमध्ये सांगणारं अ‍ॅप तिनं एकटीनं मॅरिगोल्डवर केलं होतं. अकराशे बायका ते वापरत होत्या. कुलूप लागलं तर पुढच्या वर्षी तारखा सांगणारं कुणी नव्हतं. तिनं लिहिलं, "मी घेते. पण आधी माझ्या मशीनवर टूल बांधून बघते."

तिथंच सगळं अडलं. वापरणाऱ्यांना टूल तयार मिळायचं, पण सांभाळणाऱ्याला ते मूळ कोडपासून स्वतः बांधता यायला हवं. तिच्याकडं टूल निम्म्यावर येऊन थांबायचं. एक मदतनीस फाइल सापडत नाही, म्हणायचं. तीन आठवडे रोज फोन.

"सर, परत तिथंच थांबलं."

"अगं, माझ्याकडं होतंय की. आत्ताच केलं."

"तुमच्याकडं होतंय, सर. उमरग्यात होत नाही."

"तुझ्या मशीनचंच काहीतरी असेल. पुसून परत घाल."

"दोनदा पुसलंय. आता मशीनच पुसून जाईल."

त्याला ती हट्टी वाटू लागली होती. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. एका सकाळी फोन ठेवून तो चहा प्यायला खाली आला. धुळाप्पांनी सगळं ऐकलेलं होतं. वरच्या खोलीचं बोलणं जिन्यातून खाली यायचंच.

"माझ्याकडं चालतंय, असं सांगायलास व्हय तिला?" ते म्हणाले.

"मग चालतंयच, अप्पा."

"म्या बी गिऱ्हाइकाला असंच सांगतो उद्यापासनं. मोटार दुकानात चालू हाय, तुमी ऊस दुकानात आणून लावा."

दुकानात बब्रुवान बसले होते, मोटार घेऊन आलेले. ते हसले, आणि म्हणाले, "आमची बघा आधी. तुमच्याच हातची हाय, लई वर्सं झाली."

धुळाप्पांनी मोटारीच्या जोडणीवरचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली चिठ्ठी होती. ही त्यांची जुनी रीत. मोटार भरली की कोणत्या जाडीची तार, किती वेढे, कोणती तारीख हे लिहून झाकणाखाली ठेवायचं, म्हणजे पुढं कुणीही उघडली, आपण असू नसू, त्याला मोजत बसायला नको. सिद्धारामनं लहानपणापासून अशा शेकडो चिठ्ठ्या पाहिल्या होत्या. ही नव्याण्णव सालची होती. त्यानं सहज हातात घेतली. तार, वेढे, तारीख, आणि खाली त्याच ठसठशीत अक्षरात: "बेअरिंग मापाचं मिळालं नाही. एक आकार लहान घालून पत्रा लावला आहे. मिळताच बदलावं."

"हे बी लिवायचात?" त्यानं विचारलं.

"तेच तर लिवायचं असतं," धुळाप्पा म्हणाले. "नीट केलेलं तर कुणालाबी दिसतं."

सिद्धाराम चहा तसाच ठेवून वर गेला. लीला शाळेत शिकवायला निघाली होती. तिचा लॅपटॉप त्यानं एक दिवसासाठी मागून घेतला. आयुष्यात प्रथमच त्यानं स्वतःच लिहिलेल्या सूचना परक्यासारख्या एकेक वाचत, एकेक करत टूल बांधायला घेतलं. निम्म्यावर आलं, आणि थांबलं. मदतनीस फाइल सापडत नाही. अगदी अयोध्याचेच शब्द.

मग त्याला आठवलं. सोळा सालचा मे महिना. गावात नेट दोन मिनिटं यायचं, दहा मिनिटं जायचं. टूल बांधताना ती मदतनीस फाइल दर वेळी बाहेरून उतरवून घ्यावी लागायची, आणि अणदुरात ती कधीच पुरी उतरायची नाही. शेवटी कंटाळून त्यानं सोलापूरहून पेन ड्राइव्हवर ती आणली, आपल्या मशीनवर एका कोपऱ्यात ठेवली, आणि मशीनला सांगितलं, आधी इथं बघ. पुढं नेट सुधारलं. मशीन बदललं तेव्हा सगळं जसंच्या तसं नव्यावर आलं. ती फाइल ठेवणारं दूरचं ठिकाण कधीतरी बंद पडलं. पण जगाला जाणारी प्रत्येक आवृत्ती याच खोलीत बांधली जायची, आणि फाइल तिच्या पोटातून जायची. त्यामुळं नऊ वर्षं कुणाला काही कळलं नाही, त्यालाही नाही. तीनशे अ‍ॅप एका पेन ड्राइव्हवर उभी होती, आणि त्याची चिठ्ठी कुठंच नव्हती.

त्यानं अयोध्याला फोन लावला. "तुझं मशीन बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तुला उगाच तीन आठवडे बोललो."

ती म्हणाली, "सर, मी रविवारी येते."

रविवारी ती उमरग्याहून एसटीनं आली. चोवीसेक वर्षांची, पाठीवर सॅक, बोलायला चुणचुणीत. धुळाप्पांनी तिच्यासाठी शिरा करायला सांगितला होता. सिद्धारामनं रात्रीच ठरवून ठेवलेलं तिला सांगितलं. "सोपा उपाय आहे. हे मशीनच घेऊन जा. यावर सगळं चालतं. मी दुसरं घेईन."

त्याला वाटलं होतं, ती खूश होईल. तिनं त्या काळ्या, कडा झिजलेल्या मशीनकडं पाहिलं.

"नको, सर."

"अगं, देतोय मी."

"ते कळलं. पण मग अणदुरातून उठून उमरग्यात अडकेल, एवढंच. उद्या माझं लग्न झालं, मी गेले हैदराबादला, मशीन पडलं, मग? तेव्हा मी पण कुणाला तरी सांगत बसणार, माझ्याकडं चालतंय म्हणून."

सिद्धारामला ते लागलं. मशीनवरून हात काढायला त्याला जड गेलं. बारा वर्षांत घरी आलेली सगळी माणसं त्या मशीनमध्ये होती.

धुळाप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "पोरगी बराबर बोलायली. आपला खंडोबा थंडीत नळदुर्गाला जातो, तवा देऊळ उचलून नेत न्हाईत. देव तेवढा जातो. अन् जाताना दोन्ही गावं बसून कराराचा कागद करतात, मगच पालखी हलती. तुमी कागद केलाव का?"

कागद कुणीच केला नव्हता. ब्राझीलच्या माणसानं सिद्धारामला एक ओळ दिली होती, आणि सिद्धारामही तेच करायला निघाला होता.

ते दोघं जेवण झाल्यावर बसले. सिद्धाराम सांगायचा, अयोध्या लिहून घ्यायची. फाइल आधी सर्वांना सापडेल अशा जागी टूलबरोबरच ठेवली. मग त्याच्या मशीनवरचे बाकीचे कोपरे उघडले, तर अशा आणखी तीन गोष्टी निघाल्या. प्रत्येक निघाली की अयोध्या नुसती भुवई वर करायची आणि तो म्हणायचा, "लिही, लिही." कुठला नियम कधी बदलतो, कुठली चूक दिसली तर घाबरायचं नाही, इजिप्तचा कोण माणूस भाषांतर तपासून देतो, आणि मराठी फोल्डरच्या त्या सहा ओळी का काढायच्या नाहीत, हे सगळं उतरलं. कुठं मुद्दाम तात्पुरतं केलंय ते सिद्धारामनं वेगळं लिहायला लावलं. संध्याकाळी लीलाच्या लॅपटॉपवर टूल बांधून पाहिलं, ते पुरं झालं. मग अयोध्यानं आपल्या मशीनवर बांधलं. तेही झालं. खाली दोघांनी तारीख घालून नावं लिहिली. ते पान टूलच्या पानावर सर्वांना वाचता येईल असं लावलं.

"आता चाव्या," तो म्हणाला, आणि तिच्या नावावर करून दिल्या. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

शेवटच्या एसटीला तो तिला सोडायला गेला. "अडलं तर फोन कर," म्हणाला.

"करीन. पण आधी चिठ्ठी वाचीन, सर."

पुढचे दिवस त्यानं सकाळी फिरायला जायचा प्रयत्न केला. मान बरी झाली. सहा वाजता मात्र जाग यायचीच, आणि तो अंथरुणात पडून पंख्याकडं बघायचा.

दिवाळीच्या चार दिवस आधी त्याला राहवलं नाही. वर जाऊन त्यानं मशीन उघडलं आणि हाताच्या सवयीनं नेहमीची ओळ टाइप केली. टूलनं आपलं काम केलं, आणि सगळ्यात खाली पिवळ्या अक्षरांत एक वाक्य उमटलं: नवीन आवृत्ती आली आहे, तुमची जुनी आहे.

हे वाक्य पंधरा साली त्यानंच लिहिलं होतं. जगात हजारो जणांनी ते वाचलं असेल. त्याला ते कधी दिसलं नव्हतं. त्याची आवृत्ती सगळ्यांच्या आधीची असायची. त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सांगितल्याप्रमाणं पुढची ओळ टाइप करून त्यानं नवीन आवृत्ती घेतली. या वर्षीचा नियम तिच्यात बसवलेला होता. बदलांच्या यादीत शेवटी होतं: "एक जागा तात्पुरती जोडली आहे. का, ते चिठ्ठीत आहे. अयोध्या, उमरगा."

त्यानं चिठ्ठी उघडून वाचली. कारण बरोबर होतं. त्यानं वेगळं केलं असतं, पण बरोबर होतं.

खाली धुळाप्पा एका मोटारीला वार्निश लावत होते. "उघडलंस व्हय परत?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"उघडलं. नवीन आलंय."

"कुणाच्या हातचं?"

"उमरग्याच्या."

"कसं भरलंय?"

सिद्धारामनं बाकावरची चिठ्ठ्यांची वही बाजूला सारली आणि बसला. "चांगलं भरलंय, अप्पा," तो म्हणाला.