खुर्चीतला पहिला पेशंट

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका सुपरमार्केटमध्ये डाळी-तांदळाच्या रॅकला लागून दवाखाना निघाला आणि त्याची जाहिरात करायचं काम माझ्याकडे आलं. ‘किराणा भरता भरता तब्येतही दाखवा’ ही ओळ माझीच. तिच्यावर मी इतका खूश होतो की बायकोला तीनदा वाचून दाखवली.

पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. कारण अगदी साधं होतं, फक्त माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आपल्याकडे माणूस दवाखान्यात दिसला की संध्याकाळी नातेवाईक सफरचंदं घेऊन दारात हजर. साबण घ्यायला आलेल्या शेजारणीसमोर बाही वर कोण करणार?

मग मी अक्कल पाजळली. पेशंट म्हणून स्वतःच खुर्चीत बसायचं ठरवलं. रोज सकाळी अकराला सिस्टर माझं बीपी बघायच्या आणि कार्डावर लिहायच्या. पहिल्याच दिवशी त्या हळूच म्हणाल्या, आकडा जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, लिहायचं ते लिहा, पण गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं ‘छान’ म्हणा. त्या काही म्हणेनात, मग मीच मोठ्यानं ‘छान, छान’ म्हणून उठायचो.

घोटीची माझी मावशी आठवड्यातून एकदा नाशिकला भाजी विकायला येते. भाजी संपली की साखर-चहापत्ती घ्यायला याच दुकानात. तीन आठवडे तिनं मला त्या खुर्चीत पाहिलं. पुढच्या रविवारी घोटीहून जीप भरून माणसं माझ्या घरी उतरली. सफरचंदं, शहाळी, मामानं तर अंगाराही आणला होता. मी पोट धरून हसलो. अहो, ही जाहिरात आहे, मी ठणठणीत आहे, असं सगळ्यांना समजावत बसलो.

मावशी हसली नाही.

“काय झालं नाय ना तुला? मग ते कार्ड दाखव.”

कार्ड खिशातच होतं. बायकोनं ते वाचलं. वरचा आकडा एकदाही एकशे सत्तरच्या खाली नव्हता. माझे वडीलही असेच ठणठणीत असताना गेले. बायकोनं कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी घाबरलो.

सोमवारी अकराला जाऊन बसलो, बाही वर केली आणि सिस्टरना म्हटलं, आज खरं काय ते सांगा.

“मी रोज खरंच लिहीत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कधी वाचलंच नाहीत.”