पहिल्याच रिंगला

आज जिन्यात शेजारच्या सुधाताईंचा फोन वाजला आणि त्यांनी हातातली भाजीची पिशवी तशीच सोडून दिली. टोमॅटो पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. त्यांच्या आईने जाण्याआधी केलेला शेवटचा फोन त्यांनी, दूध उतू जाईल म्हणून, नुसता वाजू दिला होता. तेव्हापासून त्या पहिल्याच रिंगला उचलतात.

माझ्या कथांमधल्या अपराधी माणसांना मी वेडं करते, नाहीतर विहिरीत ढकलते. दोन पानांत सुटतात बिचारी. सुधाताईंना कोण सोडवणार?

टोमॅटो गोळा करून मी वर आले. पलीकडून कुणीच बोलत नव्हतं. फोन कानाशी गच्च धरून सुधाताई म्हणत होत्या, "हॅलो, ठेवू नका हं. मी उचललाय फोन."